बाक वाजवून शिकवू नये

आमच्या मुख्याध्यापकांनी मला बसच्या रांगेला लावायचं ठरवलं, तिथून हे सगळं सुरू झालं.

शाळेत मराठी शिकवणाऱ्या आम्ही दोघी. मी बावीस वर्षं पाचवी ते आठवीला मराठी शिकवत आलेली, दुसरी माझ्यापेक्षा बरीच लहान. शाळा इंग्रजी माध्यमाची, कोल्हापूरच्या कडेला, तिन्ही बाजूंनी ऊस. जूनमध्ये शाळा उघडली त्याच आठवड्यात सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि चहा मागवला. सर चहा मागवतात तेव्हा काहीतरी काढून घेणार असतात, हे आमच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांना पाठ आहे. मी कप हातात न घेताच बसले.

“मॅडम, हे वर्ष चालू दे असंच,” सर म्हणाले. “पण पुढच्या जूनपासून मराठीचे तास कमी होणार. एकच शिक्षिका पुरेल. पाचवीपासून आपण स्पॅनिश सुरू करतोय. पुण्याची एक कंपनी ऑनलाइन शिकवेल, भिंतीवर पडदा लावायचा.”

“आणि मी?”

“तुम्हाला सोडणार नाही हो आम्ही. तुम्ही बसचं बघा. शाळा सुटल्यावर गेटवर पोरं रांगेत लावायची. तुमचा आवाज मोठा आहे, त्या कामाला असाच आवाज लागतो.”

आता माझा आवाज मोठा आहे हे खरं. माझं माहेर नृसिंहवाडीजवळचं, घर अगदी नदीकाठी. पल्याडच्या शेतातल्या माणसाला जेवायला बोलवायचं तर आई काठावर उभी राहून हाक मारायची आणि ती हाक पाण्यावरून जायची. आम्ही भावंडं तशीच बोलायला शिकलो. पुढं लग्न होऊन आले ते शाहूवाडीच्या डोंगराकडच्या सासूच्या घरात. तिचं आयुष्य भाताच्या खाचरांत गेलेलं, एका बांधावरून चौथ्या बांधावरच्या बाईशी बोलण्यात. म्हणजे माहेर-सासर दोन्हीकडून मला आवाजच मिळाला. पण त्या आवाजात मी बावीस वर्षं कविता शिकवल्या होत्या. तो बसच्या रांगेसाठी नव्हता.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. राग आला की माझं शाळेतलं मराठी पळून जातं आणि गावचं येतं, जिथं बायकासुद्धा आलो-गेलोच म्हणतात. मी म्हणाले, “पडदा कशाला लावताय सर? मी शिकवतो की!”

सर हसले. “मराठी?”

“स्पॅनिश.”

“तुम्हाला येतं?”

“न्हाय. पण वर्ष हाय की हातात.”

सरांनी माझ्याकडे बघितलं, मग खिडकीतून बसकडे बघितलं. वाद टाळायला असेल किंवा गंमत म्हणून असेल, पण म्हणाले, “ठीक आहे. मार्चमध्ये डेमो द्या. बाहेरून तज्ज्ञ बोलवू. जमलं तर तुम्ही, नाही तर पडदा.” मग माझा गार झालेला चहा माझ्यापुढं सरकवला.

मधल्या सुट्टीपर्यंत ही बातमी सगळ्या स्टाफरूमला कळली होती. एकोणपन्नासाव्या वर्षी ही बाई अ आ इ ई गिरवणार म्हणून सगळ्यांना भलताच आनंद झाला. गणिताचे सर मला ‘सिन्योरा’, म्हणजे स्पॅनिशमधलं ‘बाई’, म्हणून हाक मारायला लागले. मी त्यांना म्हणाले, “दात काढा, दात काढा. मार्चनंतर मोजून घेते.” तोंडानं म्हणाले खरी, पण घरी जाताना स्कूटर रस्त्याकडेला लावली आणि उसाच्या कडेला उभी राहून रडले. खोटं कशाला सांगू? मला भीती वाटत होती. स्पॅनिश मी जन्मात ऐकलेलं नव्हतं.

पुण्याच्या एका बाईंचा ऑनलाइन वर्ग लावला. बाई कसली, माझ्या लेकीहून दोन-तीन वर्षांनी मोठी पोरगी. गोड बोलायची, हळू बोलायची, सगळ्यांना ‘मॅम’ म्हणायची. तिनं पहिल्या महिन्यातच सांगितलं की स्पॅनिश क्रियापद शिकायचं तर आधी त्याचे तुकडे पाडायचे, तोंडातून एका झटक्यात जेवढं बाहेर पडतं तेवढा एक तुकडा. मग त्यातल्या एका तुकड्यावर जोर द्यायचा. बोलणं म्हणजे आब्लार, त्याचे आ आणि ब्लार असे दोन तुकडे, जोर ब्लारवर. काम करणं म्हणजे त्राबाखार, तुकडे तीन, जोर शेवटी. पण आम्ही काम करतो म्हटलं की होतं त्राबाखामोस, तिथं तुकडे चार आणि जोर शेवटून दुसऱ्यावर. जोर भलतीकडे पडला तर समोरच्याला काही कळत नाही, किंवा कळू नये ते कळतं.

मला वाटलं, अरे, एवढंच? हे तर माझंच काम! वृत्तं कुणी शिकवली बावीस वर्षं? कवितेची ओळ फळ्यावर लिहायची, प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर लघू की गुरू ती खूण करायची, गण पाडायचे, यमाताराजभानसलगा म्हणायचं. झोपेत उठवून विचारलं तरी मी गण सांगेन. मी शंभरपानी वही आणली आणि सगळी क्रियापदं देवनागरीत लिहून काढली. मग लाल पेनानं एकेका तुकड्यावर लघू-गुरूच्या खुणा केल्या आणि ठरवून टाकलं, जिथं गुरू तिथं जोर.

आणि काय सांगू! सगळेच गुरू निघाले. आ गुरू, ए गुरू, ओ गुरू. त्राबाखामोसमध्ये चारही गुरू. कोमेमोस, म्हणजे आम्ही जेवतो, त्यात तिन्ही गुरू. लघू औषधालासुद्धा सापडेना. पण मी मराठीची बाई, वृत्तावर शंका घेणार थोडीच? मला वाटलं, भाषाच रांगडी दिसते, सगळीकडे जोर देत असतील. माझ्या मनाला ते पटलंसुद्धा. पुढच्या वर्गात मी पडद्यापुढं बसून वीसच्या वीस क्रियापदं प्रत्येक तुकड्यावर दणका देऊन वाचली.

बाकीचे शिकणारे चौकोनाचौकोनांतून माझ्याकडे बघत राहिले. मग पोरगी हळूच म्हणाली, “मॅम, तुम्ही कोणाशी भांडताय का?”

सगळे हसले. मीही हसले, पण कान तापले होते. नंतर तिनं मला एकटीला थांबवून समजावलं. “मॅम, मात्रा विसरा. आणि थोडं सॉफ्ट बोला. तुमचा टोन खूप रीजनल आहे. तो गेल्याशिवाय तुम्हाला जोर ऐकूच येणार नाही.” तिच्या मनात वाईट नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण सरांना माझा आवाज बसपुरता हवा आणि हिला तो नकोच, म्हणजे मग मी राहायचं कुठं?

दोन महिने मी सॉफ्ट बोलून बघितलं. आरशापुढं ओठ चिमटीत धरल्यासारखे करून आब्लार, कोमेर, त्राबाखार. नवऱ्यानं विचारलं, “दाढ दुखतीय का?” आणि सॉफ्ट बोलून जोर तर ऐकू आला नाहीच, उलट जे थोडंफार कळत होतं तेही हातचं गेलं. नियम मला तोंडपाठ होता. शब्दाच्या शेवटी स्वर असेल, न किंवा स असेल तर जोर शेवटून दुसऱ्यावर, नाही तर शेवटच्यावर, आणि डोक्यावर तिरकी रेघ असेल तर नियम गुंडाळून ठेवायचा आणि रेघ असेल तिथं जोर द्यायचा. कागदावर मी दहापैकी दहा. तोंडानं दहापैकी तीन. विचार करून बोलायला गेलं की वाक्य पुढं निघून जायचं आणि मी मागंच राहायची.

दिवाळीनंतरची गोष्ट. सकाळची वेळ, मी डबा भरत होते. सासू, म्हणजे आमच्या आत्ती, स्टीलच्या परातीत भाकरी थापत होत्या. कोल्हापूरकडं सासूला आत्ती म्हणतात आणि सासूबाईंपेक्षा तेच मला जवळचं वाटतं. आत्ती कधी शाळेत गेल्या नाहीत, सही म्हणून अंगठा करतात. मी ओट्यावर फोन उभा केला होता आणि त्यावर पुण्याच्या पोरीनं पाठवलेलं रेकॉर्डिंग लावलं होतं. ती एकेक क्रियापद म्हणायची, जरा थांबायची, पुढचं म्हणायची.

“सकाळधरनं कोण भांडाय लागलंय गं?” आत्तींनी विचारलं.

“भांडत न्हाय आत्ती, शिकवतीया. स्पॅनिश हाय.”

“असूदे. टपाटपा बोलतीया, कानडीवानी.”

मी डब्यात भाजी घालत होते आणि एकदम माझा हात थांबला. परातीचा आवाज बदलला होता. आत्ती थापताना एरवी सगळ्या थापा सारख्याच मारतात, पण आता त्यांचा हात फोनमधल्या बाईबरोबर पडत होता. त्राबाखार, थप थप थाप्! आब्लामोस, थप थाप् थप. जिथं ती बाई दाबून बोलत होती तिथं आत्तींचा तळहात परातीवर वाजत होता आणि बाकीच्या ठिकाणी नुसता टेकत होता. आत्तींचं लक्षही नव्हतं. त्या भाकरीच्या काठाकडे बघत होत्या.

“आत्ती, परत करा!”

“काय परत करू? भाकरी?”

“हात, हात! ऐका आणि थापा.”

मी रेकॉर्डिंग मागं नेलं. वीस क्रियापदांत आत्ती दोन चुकल्या. दोन! लघू नाही, गुरू नाही, वही नाही, लाल पेन नाही. मी नियम लावून चौदा चुकणारी आणि या बाईनं पिठाच्या हातानं मला गार केलं. मी विचारलं, “आत्ती, तुम्हाला कसं कळलं कुठं जोर हाय ते?”

“मला कुठलं कळतंय? हाताला कळतंय,” आत्ती म्हणाल्या. “आणि आता सरक, तव्यावरची करपाय लागली.”

त्या दिवसापासून मी तोंड बंद करून हात चालू केला. परात, ओटा, मांडी, स्कूटरची सीट, स्टाफरूमचं टेबल. जे क्रियापद येईल ते आधी तळहातानं वाजवायचं, हलका, हलका, जोरात, आणि मगच तोंडातून काढायचं. वाजवायला लागले तसं माझ्या लक्षात आलं की मला सॉफ्ट व्हायची काही गरज नव्हती. मला फक्त बाकीचे तुकडे हलके सोडायचे होते. जोर तर माझ्याकडे मुबलक होता! तो एकाच जागी कसा ठेवायचा एवढंच मला येत नव्हतं. आणि आवाज होता तेवढाच ठेवला. पुण्याची पोरगी एक दिवस म्हणाली, “मॅम, मागं काय वाजतंय?” मी म्हणाले, “माझा अभ्यास.” तिनं त्या दिवशी मला विचारलेली सगळी क्रियापदं बरोबर आली, तेव्हापासून तिनं वाजण्याबद्दल विचारलं नाही.

मग मी पाचवी ब गाठली. मधल्या सुट्टीनंतर माझा त्यांच्यावर मराठीचा तास असायचा. तास संपताना शेवटची दहा मिनिटं मी त्यांना क्रियापदं वाजवायला लावायची. या वर्गातली निम्मी पोरं बिद्रीकडून, आजूबाजूच्या गावांतून बसनं येणारी, बापाच्या बुलेटवर पुढं बसून वाढलेली. त्यांना बाक वाजवा म्हणून कुणी कधी सांगितलंच नव्हतं. आजवर सगळे वाजवू नका म्हणूनच सांगत आलेले. पहिल्या दिवशी मी म्हणाले, “प्रत्येक तुकड्याला एक थाप, जोराच्या तुकड्याला दणका.” मागच्या बाकावरची एक पोरगी उठून म्हणाली, “मॅडम, विषय हार्ड!” म्हणजे आमच्याकडं ‘लई भारी’, आणि असा दणका दिला की कंपास खाली पडला. शेवटच्या अक्षराचा नियमही मी त्यांच्याकडून असाच वाजवून पाठ करून घेतला आणि महिनाभरात त्यांचे हात माझ्या हातापेक्षा पुढं गेले.

मार्च उजाडला. सरांनी डेमोसाठी तज्ज्ञ म्हणून कुणाला बोलवावं? विचारलं होतं मला, तुमचा क्लास कुणाकडं, आणि तिलाच फोन केला. म्हणजे माझी परीक्षा घ्यायला माझीच शिक्षिका. पडद्यावर खांद्यापर्यंत दिसायची ती पोरगी प्रत्यक्षात पाच फूटही नव्हती. पाचवी ब च्या मागच्या बाकावर सर आणि ती, दोघं वही-पेन घेऊन बसले. ठरलं होतं असं, की मी वीस मिनिटं शिकवायचं आणि मग तिनं फळ्यावर पोरांनी कधी न ऐकलेली दहा क्रियापदं लिहायची, पोरांनी त्यांचे तुकडे पाडून जोर सांगायचा. पोरांना जमलं तर मी वर्गात. नाही जमलं तर मी गेटवर.

पहिल्याच शब्दाला तीस तळहात एकदम बाकांवर पडले. खिडकीवरची चिमणी उडाली. शेजारच्या वर्गातल्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. शिपाईमामा जिना चढून पळत आले, त्यांना वाटलं फळा पडला. सरांनी कपाळाला हात लावला. मी कुणाकडं बघितलं नाही. मी म्हणायची, पोरं वाजवायची, मग तेच तोंडानं म्हणायची. वीस मिनिटं कशी गेली कळलं नाही.

मग पुण्याच्या पोरीनं फळ्यावर दहा क्रियापदं लिहिली. एक, बरोबर. दोन, बरोबर. पाचव्याला पोरं अडखळली, एकमेकांकडे बघितलं, पुन्हा वाजवलं, बरोबर. नऊ झाली. नऊच्या नऊ बरोबर! दहावं होतं एस्तुदिआर, अभ्यास करणं. पोरांनी एका दमात वाजवलं. एस, तु, दि, आर. चार थापा, शेवटची दणकून.

“तीन,” पुण्याची पोरगी म्हणाली. “दिआर एकच तुकडा आहे. द्यार.”

पोरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांची काही चूक नव्हती. असे जवळजवळ आलेले दोन स्वर मीच त्यांना कायम वेगळे पाडायला शिकवले होते, कारण मला स्वतःलाच तो फरक नीट बसला नव्हता. सर वहीत काहीतरी लिहायला लागले. त्या एका क्षणात मी गप्प बसू शकले असते. नऊ बरोबर होतीच, पोरांकडून एक राहिलं असं सगळे म्हणाले असते.

मी पुढं आले. म्हणाले, “ही चूक पोरांची नव्हं. माझी. मी शिकवलं तसं त्यांनी वाजवलं. आता बरोबर करून दाखवते.” आणि सगळ्यांसमोर खडू घेऊन फळ्यावरची माझी तशीच चुकलेली दोन उदाहरणं खोडली, एस्तुदिआरचे तीन तुकडे पाडले आणि पोरांकडून चार वेळा वाजवून घेतलं. एस, तु, द्यार! चौथ्या वेळी शेजारच्या वर्गातनंही कुणीतरी वाजवलं.

पोरं गेल्यावर आम्ही तिघं राहिलो. सरांनी पुण्याच्या पोरीला विचारलं, “तुमचं मत?”

ती म्हणाली, “मुलांना जोर कळतो, यात वाद नाही. माझ्या मोठ्या विद्यार्थ्यांना इतका कळत नाही. पण सर, उच्चार...” ती माझ्याकडे बघून अडखळली. “उच्चार जरा गावाकडचा आहे.”

“कुठल्या गावाकडचा?” मी विचारलं. माझा आवाज चढला होता आणि मी तो उतरवला नाही. “स्पेनमध्ये गावं न्हाईत व्हय? तिथली बाई नदीपलीकडच्या माणसाला हाक मारत न्हाय? का तिथं सगळी पुण्यातच राहत्यात?”

मला वाटलं आता संपलं. पण ती पोरगी हसायला लागली. खळखळून हसली, पडद्यावर मी तिला असं हसताना कधी बघितलं नव्हतं. “आहेत, मॅम. मी एका गावात दोन महिने राहिले होते. तिथं माझंच बोलणं कुणाला ऐकू येत नव्हतं. रोज विचारायचे, बरं नाही का?” मग सरांकडे वळून म्हणाली, “मी यांना पास करते.”

शिफारस झाली, पण पत्र यायला पंधरा दिवस लागले. सरांनी ते पाकिटात घालून माझ्या हातात दिलं आणि चहा मागवला. चहा बघितल्यावर मी पाकीट तिथंच फोडलं. येत्या जूनपासून पाचवी अ आणि ब ला स्पॅनिश शिकवण्यासाठी माझी नेमणूक करण्यात येत आहे, हे वरच होतं. खाली एक अट होती. वर्गात बाक, टेबल अथवा अन्य वस्तू वाजवून शिकवू नये, आवाजाची पातळी सौम्य ठेवावी. अट मान्य असल्यास खाली सही करावी, नसल्यास ऑनलाइन वर्गाची व्यवस्था करण्यात येईल.

“सही करा मॅडम,” सर म्हणाले. “एवढं मिळालंय. बाकी काय मोठं मागितलंय तुमच्याकडे?”

मी म्हणाले, घरी वाचून आणते.

घरी आल्यावर आत्ती चुलीजवळ शेंगा निवडत बसल्या होत्या. मी त्यांना पत्र वाचून दाखवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, शाळेच्या भाषेत. नेमणूक ऐकून त्यांनी शेंगांची पाटी बाजूला सारली आणि माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. मग अट वाचली. त्यांना शब्द कळले नाहीत, म्हणून मी सांगितलं, “जोरात बोलायचं न्हाय आणि वाजवायचं न्हाय, तरच शिकवा म्हणत्यात.”

आत्तींनी पाटी परत पुढ्यात ओढली आणि शेंगा निवडायला घेतल्या. मग म्हणाल्या, “म्हंजी हात बांधून भाकरी थाप म्हणत्यात व्हय?”

“तसंच की.”

“मग? तू काय म्हटलीस?”

मी काहीच म्हटलेलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर येताना सगळा रस्ता मी स्वतःला समजावतच आले होते. सही करून टाकू. पोरांना बोटानं वाजवायला लावू, हळू. मुकाट्यानं वर्षभर काढू, मग बघू. बस लावण्यापेक्षा बरं. आत्ती माझ्याकडे बघत होत्या आणि त्यांच्या त्या बघण्यानं माझी मलाच लाज वाटली. ज्या हातानं मला भाषा दिली तो हात माझ्यापुढं शेंगा निवडत बसला होता, आणि मी तोच हात बांधायला निघाले होते.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधी मी केबिनमध्ये गेले. पत्र टेबलावर ठेवलं, माझा लाल पेन काढला, तोच लघू-गुरूवाला. अटीच्या दोन्ही ओळींवर एक आडवी काट मारली आणि खाली ठसठशीत मराठीत सही केली.

सर बघतच राहिले. “असं करता येत नाही, मॅडम.”

“केलं की.”

“मला शाळेच्या समितीला विचारावं लागेल.”

“विचारा. पुण्याला विचारा, मुंबईला विचारा. माझी सही काट मारलेल्या पत्रावर हाय. पाहिजे तर घ्या, न्हाय तर पडदा लावा. पण पडद्याला पोरांनी विचारलं की जोर कुठं, तर पडदा काय सांगणार, ते पण विचारून ठेवा.” आणि मी बाहेर पडले.

एप्रिल गेला, मे गेला. समितीकडून काही उत्तर आलं नाही. मीही विचारायला गेले नाही. जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी नोटीस बोर्डवर वेळापत्रक लागलं होतं. पाचवी ब, तिसरा तास, स्पॅनिश, आणि पुढं शिक्षकाच्या नावाची जागा कोरी. बसच्या यादीतही माझं नाव नव्हतं. म्हणजे कुणी हो म्हणालं नव्हतं, आणि नाही म्हणायचीही कुणाची छाती झाली नव्हती. तिसऱ्या तासाची घंटा झाली तशी मी खडू घेतला आणि जिना चढले.

नवी पोरं होती, जुनी सहावीत गेलेली. पण ही शाळा आहे, बातमी बाकाबाकावरून आधीच येऊन पोचली होती. मी आत पाऊल टाकलं तेव्हा सगळे हात बाकांवर तयार ठेवलेले होते. मी फळ्यावर लिहिलं, आब्लामोस, आम्ही बोलतो. तीन तुकडे. पोरांनी वाजवलं आणि खिडक्यांच्या काचा थरथरल्या.

दारात सर उभे होते. कधी आले कळलं नव्हतं. हातात ते पत्र होतं, दोन घड्या घातलेलं. मी थांबले. पोरंही थांबली. मला वाटलं, आता पोरांसमोरच सांगणार.

पहिल्या बाकावरची एक पोरगी उठली. तिला पत्र-बित्र काय माहीत? दारात आलेल्या माणसाला आमच्याकडं या बसा म्हणतात, तसं ती म्हणाली, “सर, या की! तुम्हीपण करा की!”

सगळा वर्ग सरांकडे बघायला लागला. सरांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघत उभी राहिले, खडू हातात धरून. मग सरांनी पत्र खिशात घातलं आणि दाराच्या चौकटीवर बोटांच्या पेरांनी वाजवलं. टक, टक, आणि शेवटचं टक जरा जोरात.

“चूक, सर,” मी म्हणाले. “जोर मधे. परत.”

सरांचे कान लाल झाले होते. त्यांनी हात उचलला, थांबले, आणि वाजवलं. हलका, जोरात, हलका.

जोर बरोबर जागी पडला होता. आवाज कमी पडला, म्हणून मी त्यांना तिसऱ्यांदा वाजवायला लावलं.